'वाईच थांबा' म्हणजे किती वेळ? : बारामती ते इंदापूर

बारामतीहून इंदापूरला जायचे तर पन्नासएक किलोमीटरचा रस्ता आहे. नकाशावर बोट ठेवून अंतर सांगता येते. पण वाटेतल्या माणसांना वेळ विचारली की उत्तर घड्याळात मिळत नाही.

"इंदापूर किती लांब राहिलं, आण्णा?"
"हे काय, आत्ता येईल."
"गाडी कधी यायची, मावशी?"
"येईल की एवढ्यात."
"दादा आहेत का घरात?"
"मघाशीच गेले बघा. वाईच बसा, येतीलच."

तिन्ही उत्तरांत एकही आकडा नाही. तरी विचारणाऱ्याचे समाधान होते आणि तो बसतो. आपल्या बोलीत थोडा वेळ सांगणारे असे कितीतरी शब्द आहेत. ते गोड आहेत, माणुसकीचे आहेत. पण याच शब्दांच्या आडून कष्टकऱ्याचे तास गेले आहेत आणि समाजाची वर्षेही गेली आहेत. म्हणून या वाटेने जाताना गावांबरोबर हे शब्दही पाहायचे आहेत.

एका गावात दोन घड्याळे

बारामती कऱ्हा नदीच्या काठावर आहे. शाळेच्या पुस्तकातून आर्याकार मोरोपंतांचे गाव म्हणून ती आपल्याला माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या धरणाचे पाणी नीरा डाव्या कालव्याने या भागात आले आणि जिथे बाजरी-ज्वारी होती तिथे ऊस उभा राहिला. पुढे साखर कारखाने आले, एमआयडीसी आली. आज बारामतीत दोन घड्याळे चालतात. एक एमआयडीसीच्या गेटवरचे. तिथे पाळीच्या वेळेला पाच मिनिटे उशीर म्हणजे पाच मिनिटेच उशीर. तो मशीनवर उमटतो आणि पगारात दिसतो. दुसरे घड्याळ शिवारातले. तिथे कालव्याचे पाणी मध्यरात्री आले तर निरोप येतो, "पाणी आलंय, लगीच चला." आणि माणूस पांघरूण टाकून, बॅटरी घेऊन निघतो.

जुन्या माणसांचा वेळ सूर्यावर चाले. झुंजूमुंजू झाले, तांबडे फुटले, दिवस कासराभर वर आला, उन्हे कलली, कडुसे पडले, निजानीज झाली. कासरा म्हणजे बैलाचा दोर. क्षितिजापासून सूर्य एवढा वर आला की काम सुरू झालेले असले पाहिजे, असा त्याचा अर्थ. ज्याच्या हातात बैलाचा कासरा असे त्याला घड्याळाची गरज पडत नसे.

याहून बारीक वेळ मोजायची तर घरातले काम हेच माप. "चहा होईस्तोवर थांब." "भाकरी तव्यावर उलटेपर्यंत ये." "तंबाखू मळून होईस्तोवर गाडी गेलीसुद्धा." लेक माहेरी येऊन लगेच परतली तर आई म्हणते, "उभ्या उभ्या आली आणि गेली." किती मिनिटे ती थांबली हे आई सांगत नाही. लेक बसलीसुद्धा नाही, हे दुःख त्या दोन शब्दांत असते.

घटका आणि पळ

'घटकाभर बस' असे आपण सहज म्हणतो. ही घटका पूर्वी मोजलेली होती. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. दिवस-रात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. एका घटकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. तेव्हा 'पळभर थांब' म्हणजे खरे तर अर्धा मिनिटही नव्हे! 'त्याची घटका भरली' हा शब्दप्रयोगही त्या बुडणाऱ्या वाटीवरूनच आला आहे. वाटी गेली, माप गेले, शब्द मात्र राहिला आणि सैल झाला.

'एवढ्यात' हा शब्द तर तीन दिशांना जातो. 'एवढ्यात येईल' म्हणजे लवकर येईल. 'एवढ्यात दिसला नाही' म्हणजे हल्ली, गेल्या काही दिवसांत दिसला नाही. आणि 'एवढ्यात नको' म्हणजे आत्ता नको, पुढे पाहू. 'आत्ता'चेही तसेच. 'आत्ताच गेला' म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, 'आत्ता जातो' म्हणजे अजून व्हायची. लहान मुलाला कोणी व्याकरण शिकवत नाही, पण ते चुकत नाही. बोलणाऱ्याचा सूर, हाताची हालचाल, तोंड कोणीकडे आहे, यावरून ते ओळखते.

असे शब्द आपल्याकडेच आहेत असे नाही. दूर मेक्सिकोत स्पॅनिश बोलतात. तिथे 'आओरा' म्हणजे आता. लॅटिनमधल्या 'या तासाला' अशा अर्थाच्या शब्दांपासून तो झाला. त्याला लाडाचे शेपूट लावून 'आओरिता' करतात, जसे आपण 'जरा'चे 'जरासं' करतो. शब्द लहान झाला, पण वेळ लहान होईलच असे नाही. 'आओरिता' म्हणजे या क्षणी, थोड्या वेळाने, किंवा मनात नसेल तर कधीच नाही! थोड्या वेळापूर्वी म्हणायचे तर ते 'आसे पोको' म्हणतात आणि थोड्याच वेळात म्हणायचे तर 'देन्त्रो दे पोको'. म्हणजे आपले 'मघाशी' आणि 'एवढ्यात'. जगभर गरीब माणसाचे बोलणे एकमेकांजवळ आहे.

पण त्याच मेक्सिकोने १९१७ साली आपल्या राज्यघटनेत कामाचा दिवस आठ तासांचा असे लिहून ठेवले. घरच्या बोलण्यात 'आओरिता' कितीही ताणले जावो, मजुराचा दिवस मात्र ताणायचा नाही. ही गोष्ट आपण मनात ठेवून पुढे जाऊ.

भवानीनगर ते जंक्शन : 'एवढी पात उरका'

काटेवाडी मागे टाकून गाडी भवानीनगरला येते. इथून इंदापूर तालुका. छत्रपती सहकारी साखर कारखाना इथलाच. पुढे लासुर्णे, जंक्शन, आणि आत वळले की शेठ वालचंद हिराचंदांच्या नावाने वसलेले वालचंदनगर. हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, यावरूनच बाकीचे ओळखावे.

तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा कमी होतो. म्हणून तोडणीपासून गाळपापर्यंत सगळीकडे 'लगेच' हा शब्द राज्य करतो. गाडी रात्री दोनला आली तरी 'लगेच भरा'. बाईने पोराला नुकते निजवलेले असते. कारखान्याच्या दृष्टीने ते 'लगेच' खरे आहे, शास्त्राला धरून आहे. पण त्या 'लगेच'ची किंमत कोण देते, हे उसाच्या वजनकाट्यावर दिसत नाही.

इंदापूरकडे डाळिंब, द्राक्षे, पेरू यांच्या बागा आहेत. तिथे आपल्या आयाबहिणी खुरपणीला, छाटणीला, तोडणीला जातात. संध्याकाळी सुट्टीची वेळ होते. डब्याची पिशवी उचलावी तोच आवाज येतो, "मावशे, वाईच राहिलंय. एवढी पात उरकून जावा की." आवाजात गोडवा असतो. नाही म्हणणे जड जाते, कारण उद्याही कामाला यायचे असते. मग ते 'वाईच' अर्ध्या तासाचे होते.

आता हिशेब करू. रोज अर्धा तास, महिन्याचे २६ दिवस, झाले १३ तास. वर्षात दहा महिने काम मिळाले असे धरले तर १३० तास. आठ तासांच्या दिवसाने सोळा दिवस भरतात आणि वर दोन तास उरतात. सोळा दिवसांची मजुरी कोणी मागितली तर आपण भांडायला उठू. पण 'वाईच, वाईच' म्हणून ती रोज थोडी थोडी गेली की कोणाच्या लक्षात येत नाही. उक्ते काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे काम संपले की पैसे. रोजंदारीत मात्र आपण वेळ विकतो. विकलेल्या मालाचे माप आपल्याला ठाऊक पाहिजे.

जमीन मोजली, माणसाचा वेळ मोजला नाही

इंदापूर तालुक्याचे नाव जमीन मोजणीच्या इतिहासात मोठे आहे. १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे नव्या पद्धतीने जमिनींची प्रतवारी केली आणि सारा तीस वर्षांसाठी ठरवून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेतकऱ्याला निदान कळले, की किती वर्षे किती द्यायचे.

पण त्याच गावांत वेशीबाहेर राहणाऱ्या आपल्या पूर्वजांचा वेळ कोणी मोजला? चावडीवर माणसे बोलावून आणायची, टपाल पोचवायचे, साऱ्याचे पैसे घेऊन तालुक्याला जायचे, आलेल्या साहेबाला वाट दाखवायची. त्याला दिवस नव्हता, रात्र नव्हती. "आत्ताच्या आत्ता ये" म्हटले की निघायचे. घरातला कर्ता नसेल तर बापाला किंवा पोराला जावे लागे. वतनाच्या तुकड्यापायी सगळे घर चोवीस तास बांधलेले. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी वंशपरंपरेची करून ठेवली होती.

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे बंधन नेमके ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतन हा मान नसून बेडी आहे हे त्यांनी समाजालाही पटवून दिले. त्या वेळी ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा तेव्हा ५४ तासांपर्यंत होता. १९४६ च्या दुरुस्तीने तो ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरवला. ज्यांच्या आज्यापणज्यांचे चोवीस तास गावाच्या मालकीचे होते, त्यांच्यातूनच आलेल्या माणसाने देशातल्या सर्व जातिधर्मांच्या कामगारांचे तास कमी केले. बारामतीच्या गेटवर आज जो कामगार आठ तास भरून बाहेर पडतो त्याच्या जातीचा त्यात प्रश्न नाही. पण त्या आठ तासांमागे कोण उभे होते हे त्याला माहीत असावे. कारखान्याचा तो कायदा मात्र शेताच्या बांधापर्यंत पोचला नाही. म्हणून डाळिंबाच्या बागेतले 'वाईच' अजून सैलच राहिले आहे.

इंदापूर : 'उद्या या'

निमगाव केतकी मागे पडली की इंदापूर येते. तालुक्याचे गाव, म्हणजे दाखल्यांचे गाव. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड. मजूर माणूस रोज बुडवून कचेरीत जातो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कचेरीत पिढ्यान् पिढ्या ऐकू आलेला शब्द आहे, 'उद्या या'. त्याची भावंडे म्हणजे 'साहेब आत्ताच बाहेर गेलेत', 'दोन-चार दिवसांत होईल', आणि कागदावर लिहायचे तर 'यथावकाश' व 'विचाराधीन'. बोलण्यातले 'एवढ्यात' आणि कागदावरचे 'यथावकाश' यांत फरक एवढाच, की पहिल्यात निदान बसायला घोंगडी मिळते.

यावर उपाय झाला आहे आणि तो आपल्या घराघरांत माहीत हवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत द्यायची हे जाहीर केलेले असते आणि कार्यालयाने ते फलकावर लावायचे असते. अर्ज दिला की पोच घ्यायची. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. त्यात उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. 'उद्या या' म्हटले की भांडायचे नाही. शांतपणे विचारायचे, "साहेब, किती तारखेला?" आणि पोच हातात घेऊनच निघायचे.

इंदापूरच्या उत्तरेला भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. धरण १९८० साली पूर्ण झाले. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावकडे रोहित पक्षी येतात आणि पुण्या-मुंबईची माणसे होडीतून ते पाहायला जातात. पाणी फार उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते. देऊळ पाहायला गर्दी होते. पण त्या पाण्याखाली देवळाबरोबर घरे, चुली, बांध आणि गावकुसाबाहेरची वस्तीही गेली आहे. धरणे बांधताना विस्थापितांना कोणते शब्द सांगितले जातात, हे महाराष्ट्रात कोणत्याही धरणाच्या काठी जाऊन विचारावे. 'लवकरच' हा त्यातला पहिला.

या 'लवकरच'शी आपली ओळख जुनी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. धर्म बदलला म्हणून गरिबी बदलत नाही, हे सरकारला समजायला वेळ लागला. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या त्या १९९० साली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षे आपल्याला सांगितले गेले, 'एवढ्यात नको'. त्या 'एवढ्यात'मध्ये घरे जळाली, माणसे गेली. घरातले 'एवढ्यात' आणि सत्तेचे 'एवढ्यात' हे एकच अक्षर असले तरी एक वस्तू नव्हे.

आपल्या घरातला वेळ

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या घरातही पाहू. बौद्ध पद्धतीच्या विवाहात मुहूर्त नाही. तथागतांची आणि बाबासाहेबांची छायाचित्रे छापलेली लग्नपत्रिका येते, आणि खाली वेळ असते 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे'. हे ३५ कोणी काढून दिले? आणि एवढा काटेकोर आकडा छापूनही विधी सुरू होतो दोन वाजता. पंचांग सोडले असेल तर सरळ साडेबारा लिहावे आणि साडेबारालाच बौद्धाचार्यांना सुरुवात करू द्यावी. लांबच्या गावाहून मजुरी बुडवून आलेल्या पाहुण्यांचा तो सन्मान आहे. अभिवादन सभेतही पाहावे. 'दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू' म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात लोक बसतात.

धम्मवंदना आपण रोज म्हणतो. त्यात धम्माला 'अकालिको' म्हटले आहे. फळासाठी पुढच्या काळाची वाट पाहायला न लावणारा, असा त्याचा अर्थ. पालीत क्षणाला 'खण' म्हणतात. हाती आलेला क्षण वाया घालवू नये, ही शिकवण धम्मपदात आहे. आपल्या धम्मात 'पुढच्या जन्मी मिळेल' असे आश्वासन नाही. चांगले वागलात तर त्याचा गुण इथेच, याच घरात दिसतो. ज्या समाजाला शतकानुशतके 'पुढच्या जन्मी' म्हणून थांबवले गेले, त्याच्यासाठी 'अकालिको' या शब्दाचे मोल केवढे आहे!

म्हणून बोलीतले गोड शब्द टाकून द्यायचे नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला 'घटकाभर बसा' म्हणावेच, चहा होईस्तोवर थांबवावेच. फोनवर 'पाच मिनिटांत आलो' म्हणणाऱ्या भावाची वाटही हसत पाहावी. मुलांना कासराभर दिवस म्हणजे काय, कडुसे म्हणजे काय, हे आजीकडून ऐकू द्यावे; नाहीतर हे शब्द आजीबरोबरच जातील.

पण मजुरीचा, हक्काचा आणि अर्जाचा वेळ आला की आकडा विचारावा. कामाला जाणाऱ्या बहिणींनी एक लहान वही ठेवावी. घरातल्या शाळकरी मुलीने रोज संध्याकाळी तीत लिहावे : आई किती वाजता गेली, किती वाजता सुटली. चार बहिणींच्या वह्या एकत्र झाल्या की महिन्याच्या शेवटी मालकासमोर बोलायला तोंड आपोआप फुटते, आणि एकटीवर राग निघत नाही. बागेतून पुन्हा आवाज आला, "वाईच राहिलंय, मावशे," तर सगळ्यांनी मिळून विचारावे, "दादा, वाईच म्हणजे किती वाजेपर्यंत? आणि त्याचे किती?"

जयभीम!